खुनाच्या अपिलात चूक नेमकी कुठे शोधायची

मुंबईच्या सत्र न्यायालयात ३०२ खाली जन्मठेप झाली की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, "तो साक्षीदार धडधडीत खोटं बोलला, हे हायकोर्टाला दिसणार नाही का?" दिसू शकतं. अशा अपिलात हायकोर्ट कायद्याबरोबर सगळा पुरावाही नव्याने तपासतं. तरीही साक्षीदाराला खोटं पाडणं ही चढाची वाट आहे, कारण त्याला प्रत्यक्ष बोलताना ज्या न्यायाधीशांनी पाहिलं त्यांच्या मताला वजन मिळतं. त्याआधी एक वेगळी गोष्ट तपासावी. निकाल देणाऱ्याने स्वतःला कायद्याचा कोणता प्रश्न विचारला? तो प्रश्नच चुकला असेल, तर त्याखाली शंभर पानांचं उत्तर असलं तरी ते डळमळतं.

ही तपासणी ज्युरीच्या काळातल्या निकालांतून फार चांगली शिकता येते. तेव्हा कायदा सांगणारा न्यायाधीश एक आणि निर्णय देणारे दुसरे, म्हणजे ज्युरीतले सामान्य नागरिक, होते. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत, कलम २९७ प्रमाणे, पुरावा आणि युक्तिवाद संपले की न्यायाधीश ज्युरीला पुराव्याचा सारांश आणि लागू होणारा कायदा समजावून सांगत. वकिलांच्या भाषेत हा 'चार्ज'. ज्युरी आपल्या निर्णयाची कारणं देत नसे, आणि न्यायाधीशांनाही पूर्ण निकालपत्र लिहिण्याची गरज नसे. फक्त चार्जचे मुद्दे नोंदवून ठेवावे लागत. त्यामुळे अपिलात चूक सापडली तर ती तिथेच सापडे. चुकीचा कायदा सांगितला, सांगायचा तो भाग गाळला, बाद होणारा पुरावा ज्युरीपुढे ठेवला, की ते 'मिसडिरेक्शन'.

पण नुसतं मिसडिरेक्शन दाखवून भागत नसे. कलम ४१८ प्रमाणे ज्युरीच्या खटल्यात अपील सर्वसाधारणपणे कायद्याच्या मुद्द्यावरच चाले. कलम ४२३(२) म्हणे, चुकीच्या मार्गदर्शनामुळे किंवा ज्युरीने कायदा चुकीचा समजून घेतल्यामुळे निर्णय चुकला असेल तरच हात घाला. कलम ५३७ आणखी पुढे जाऊन विचारी, या चुकीमुळे प्रत्यक्षात न्याय हुकला का? म्हणजे पायऱ्या दोन: आधी चूक, मग चुकीचा परिणाम. आजही अनेक अपिलं दुसऱ्या पायरीवर घसरतात. चूक लख्ख असते, पण तिच्यामुळे निकाल कसा फिरला हे कुणी मांडलेलंच नसतं.

मुंबईतलं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण नानावटी खटल्याचं. त्याची चर्चा प्रेम, नौदल आणि वर्तमानपत्रं यांतच अडकते, कायद्याचा भाग राहून जातो. २७ एप्रिल १९५९ ला दुपारच्या जेवणानंतर कमांडर कावस नानावटींना पत्नीने प्रेम आहुजाशी असलेल्या संबंधांची कबुली दिली. त्यांनी पत्नी-मुलांना सिनेमाला सोडलं, जहाजावर खोटं कारण सांगून रिव्हॉल्व्हर आणि सहा गोळ्या घेतल्या, आधी आहुजांच्या कार्यालयात आणि मग घरी गेले, आणि साधारण चार वाजून वीस मिनिटांनी आहुजांच्या शयनगृहात गोळ्या सुटल्या. बचाव असा की झटापटीत रिव्हॉल्व्हर आपोआप उडालं, म्हणजे भारतीय दंड संहितेच्या कलम ८० खालचा अपघात. ज्युरीने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने ३०२ (खून) आणि ३०४ (खून न ठरणारा सदोष मनुष्यवध), दोन्हींखाली 'दोषी नाही' म्हटलं. सत्र न्यायाधीश रतिलाल मेहता यांना हे मान्य नव्हतं, म्हणून त्यांनी त्याच १८९८ च्या प्रक्रिया संहितेच्या कलम ३०७ खाली प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं. न्यायमूर्ती शेलत आणि नाईक यांच्या खंडपीठाने ३०२ खाली जन्मठेप दिली, आणि २४ नोव्हेंबर १९६१ ला सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली.

यात शिकण्याजोगं काय, तर दोन न्यायमूर्ती एकाच निष्कर्षाला वेगवेगळ्या वाटांनी पोचले. शेलत यांनी चार्जमधल्या चुका मोजल्या आणि मग सगळा पुरावा स्वतः तपासला. नाईक यांनी म्हटलं की या पुराव्यावर कोणत्याही समंजस माणसांच्या मंडळाला असा निर्णय देता आला नसता. पहिली वाट 'काय सांगितलं' हे तपासते, दुसरी 'काय ठरवलं' हे. अपिलाचे मुद्दे लिहिताना आजही या दोन वाटा वेगळ्या ठेवाव्यात. त्यांची खिचडी झाली की कोर्टाला दोन्ही नीट दिसत नाहीत.

चार्जमधली सर्वात मोठी चूक पुराव्याच्या कायद्यातल्या कलम १०५ ची होती. अपवादाचा (इथे अपघाताचा) आधार घेणाऱ्या आरोपीवर ती परिस्थिती सिद्ध करण्याचा भार असतो, आणि तोवर न्यायालय ती परिस्थिती नव्हती असंच गृहीत धरतं. ज्युरीला हे सांगितलंच गेलं नाही. अपघाताच्या बचावासाठी कृत्य कायदेशीर हवं, कायदेशीर रीतीने आणि साधनांनी केलेलं हवं, आणि पुरेशी काळजी घेतलेली हवी. हे घटकही ज्युरीपुढे सुटे करून ठेवले गेले नाहीत. 'अपघात झाला असेल का?' असा मोकळा प्रश्न उरला, आणि त्याचं उत्तर माणसं सहानुभूतीने देतात.

याच्या शेजारी इंग्लंडमधला १९३५ चा वूलमिंग्टन खटला ठेवून वाचावा. तिथेही बचाव अपघाताचाच. एकवीस वर्षांच्या शेतमजुराच्या बंदुकीची गोळी लागून माहेरी गेलेली त्याची पत्नी मेली. तो म्हणाला, स्वतःला मारून घेईन हे तिला दाखवताना बंदूक उडाली. पहिल्या ज्युरीचं एकमत झालं नाही. दुसऱ्या खटल्यात न्यायाधीशांनी ज्युरीला सांगितलं की मारलं हे सिद्ध झालं की तो खूनच समजायचा, अपघात होता हे आरोपीने पटवायचं. फाशीची शिक्षा झाली. हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, ती रद्द केली, कारण हेतू सिद्ध करण्याचा भार शेवटपर्यंत सरकार पक्षावरच असतो.

दोन खटले, एकच बचाव, आणि चुका उलट दिशेच्या. एकात भार आरोपीवर नको इतका टाकला, दुसऱ्यात कायद्याने टाकलेला भार सांगायचाच राहिला. मग भारतात कलम १०५ असताना वूलमिंग्टनचं तत्त्व उरतं का? उरतं, आणि इथे भल्याभल्यांचा गोंधळ होतो. नानावटी निकालातच याचं उत्तर आहे, आणि दह्याभाई ठक्कर विरुद्ध गुजरात राज्य या १९६४ च्या निकालात ते आणखी स्पष्ट झालं. आरोपीचा पुरावा अपवाद सिद्ध करायला कमी पडला, तरी त्याच पुराव्याने मूळ गुन्ह्याच्या एखाद्या घटकाबद्दल, उदाहरणार्थ हेतूबद्दल, वाजवी शंका निर्माण होऊ शकते. तशी शंका आली तर खुनाचा आरोप सिद्ध होत नाही. 'अपवाद सिद्ध झाला नाही, म्हणून खून सिद्ध झाला' अशी उडी निकालपत्रात दिसली, तर तिच्याखाली लाल रेघ मारावी. आजच्या भारतीय साक्ष अधिनियमात हेच कलम १०८ आहे.

तीव्र आणि अचानक क्षोभाचा मुद्दाही, ज्याने खून सदोष मनुष्यवधावर येतो, नानावटी निकालातूनच पक्का झाला. त्या समाजातल्या, त्या परिस्थितीतल्या समंजस माणसाचा ताबा सुटला असता का, आणि राग निवायला वेळ मिळाला होता का, हे पाहायचं. नानावटी दीडच्या सुमारास घरातून निघाले होते. मधल्या जवळजवळ तीन तासांतल्या एकेका कृतीतून न्यायालयाला ताब्यात असलेला माणूस दिसला. क्षोभाचा बचाव घ्यायचा असेल तर वेळापत्रक आधी मांडावं, भावना नंतर.

(नानावटी हा देशातला शेवटचा ज्युरी खटला, असं वारंवार लिहिलं जातं. तसं नाही. काही ठिकाणी ज्युरी पुढेही काही वर्षं चालू राहिली. १९७३ च्या नव्या संहितेत मात्र तिची तरतूदच राहिली नाही. पारशी वैवाहिक न्यायालयात आजही समाजातले पाच प्रतिनिधी न्यायाधीशांबरोबर बसतात, ती ज्युरीच्या जवळ जाणारी एक खूण मुंबईत शिल्लक आहे.)

एकाने मारलं आणि बाकीचे सोबत होते, अशा खटल्यांत मार्गदर्शनाची चूक सर्वात महाग पडते. १९२३ मध्ये कलकत्त्यात शांखारीटोला पोस्टात पोस्टमास्तरचा गोळी घालून खून झाला. बरेंद्रकुमार घोष म्हणाला, मी बाहेर अंगणात उभा होतो, घाबरलो होतो. ज्युरीला सांगितलं गेलं की सर्वांच्या समान उद्देशातून खून झाला असेल, तर जीवघेणी गोळी कोणी झाडली याने फरक पडत नाही. दंड संहितेच्या कलम ३४ चा हा अर्थ प्रिव्ही कौन्सिलने (लंडनमधलं तेव्हाचं शेवटचं अपील न्यायालय) बरोबर ठरवला. तेव्हापासून '३४' या आकड्यावर भिस्त ठेवून अनेक निकालपत्रं लिहिली जातात. पण त्या मार्गदर्शनातला पहिला शब्दच 'असेल तर' आहे. समान उद्देश होता हे आधी सिद्ध करावं लागतं, आणि हजर असणं म्हणजे उद्देश नव्हे. १९४५ च्या महबूब शाह निकालात प्रिव्ही कौन्सिलनेच सांगितलं की दोघांचा हेतू सारखा असणं वेगळं आणि दोघांचा मिळून एक हेतू असणं वेगळं.

इंग्लंडला असाच धडा फार उशिरा मिळाला. साथीदार खून करू शकेल याचा नुसता अंदाज असला तरी सोबत्याला खुनी ठरवता येतं, असं तिथल्या ज्युरींना तीसेक वर्षं सांगितलं गेलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये जोगी खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की कायदा चुकीच्या वळणावर गेला होता. अंदाज असणं हा हेतूचा पुरावा होऊ शकतो, पण तो स्वतः हेतू नव्हे. जोगीचा खटला पुन्हा चालला आणि तो खुनाऐवजी सदोष मनुष्यवधासाठी दोषी ठरला. जुन्या कैद्यांसाठी मात्र दार किलकिलंच राहिलं. तिथे अपिलाची परवानगी २८ दिवसांत मागायची असते. मुदतीनंतर येणाऱ्याला कायदा बदलल्याचं दाखवून पुरत नाही, आपल्यावर मोठा अन्याय झाला हे दाखवावं लागतं. पुन्हा तीच दुसरी पायरी.

आता आजची मुंबई. ज्युरी नाही, म्हणून न्यायाधीश स्वतःलाच मार्गदर्शन करतात, आणि ते लिहून ठेवतात. १९७३ च्या संहितेचं कलम ३५४, नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं ३९३. दोन्हींप्रमाणे निकालपत्रात निर्णयाचे मुद्दे, त्यांची उत्तरं आणि कारणं हवीत. म्हणून माझा आग्रह असा की निकालपत्र वाचताना ते ज्युरीला केलेला चार्ज आहे असं समजून वाचावं. प्रत्येक निष्कर्षापाशी थांबून विचारावं: हे वाक्य नऊ सामान्य माणसांना कायदा म्हणून सांगितलं असतं, तर चाललं असतं का?

यासाठी एक तक्ता करावा. पहिल्या रकान्यात न्यायाधीशांनी आरोपीविरुद्ध धरलेली प्रत्येक परिस्थिती, दुसऱ्यात ती कोणत्या साक्षीदाराने किंवा कोणत्या निशाणीने (कोर्टाने क्रमांक दिलेल्या कागदाने किंवा वस्तूने) सिद्ध केली, तिसऱ्यात कलम ३१३ च्या जबाबातला तिचा प्रश्न क्रमांक. तिसरा रकाना रिकामा राहिला की तिथे मुद्दा आहे. सरकार पक्षाचा पुरावा संपल्यावर आरोपीला त्याच्याविरुद्धची प्रत्येक गोष्ट सांगून स्पष्टीकरण विचारायचं असतं (नव्या संहितेत कलम ३५१). १९८४ च्या शरद बिर्धीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या पुण्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जी परिस्थिती आरोपीला विचारली नाही ती त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही. परिस्थितीजन्य पुराव्याची पाच सूत्रंही त्याच निकालातली. साखळीतला प्रत्येक दुवा पूर्ण सिद्ध हवा, आणि आरोपीच्या निर्दोषपणाशी जुळणारा कोणताही वाजवी तर्क उरता कामा नये.

मुंबईतल्या खटल्यांत हा रकाना रिकामा राहण्याची कारणं ठरलेली आहेत. दहा-बारा बाबी एकाच लांबलचक प्रश्नात कोंबलेल्या असतात, किंवा 'साक्षीदार क्रमांक ४ ने असं असं सांगितलं, तुमचं म्हणणं काय' असा प्रश्न असतो आणि नेमकी घातक गोष्ट त्यात नसते. कलिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेचा सीए (रासायनिक विश्लेषकाचा) रिपोर्ट शेवटी थेट दाखल होतो, आणि कपड्यांवरच्या रक्तगटाबद्दल आरोपीला काहीच विचारलं जात नाही. पण २०२३ च्या राजकुमार विरुद्ध दिल्ली राज्य या निकालानंतर नुसती चूक दाखवून भागणार नाही. त्या परिस्थितीचं वजन किती होतं, न विचारल्याने बचावाचं काय नुकसान झालं, आणि आता इतक्या वर्षांनी प्रकरण परत पाठवणं न्याय्य का नाही, हे तिन्ही लिहावं लागतं. अपिलातही हायकोर्ट आरोपीकडून किंवा त्याच्या वकिलाकडून स्पष्टीकरण मागू शकतं. त्याची तयारी हवी.

दुसरी नेहमीची चूक पुराव्याच्या कायद्यातल्या कलम २७ च्या जप्तीची, म्हणजे आरोपीच्या सांगण्यावरून वस्तू काढण्याची. आरोपी कोठडीत सांगतो, 'ज्या चाकूने मी मारलं तो नाल्याजवळ लपवलाय, काढून देतो.' पंचनामा होतो, चाकू निघतो. १९४७ च्या पुलुकुरी कोटय्या निकालानुसार यातला लपवल्याची जागा आणि तिची आरोपीला असलेली माहिती एवढाच भाग ग्राह्य, 'ज्याने मी मारलं' हा भाग बाद. निकालपत्रात 'आरोपीने शस्त्र आणि त्याचा वापर उघड केला' असं वाक्य असेल, तर न्यायाधीशांनी स्वतःला चुकीचं मार्गदर्शन केलं आहे. मग चाकूवरचं रक्त, सील कधी लागलं, मुद्देमाल प्रयोगशाळेत किती दिवसांनी पोचला, पंच जागेवरचा की पोलिसांचा नेहमीचा, हे सगळं त्या वाक्याच्या आधाराशिवाय उभं राहतं का ते तपासावं.

ओळख परेडही अशीच. १९५१ च्या लॉईड्स बँक दरोड्यात मुंबईत ड्रायव्हरचा खून झाला होता आणि खटला ज्युरीपुढे चालला. त्या प्रकरणात, रामकिशन मिठनलाल शर्मा विरुद्ध मुंबई राज्य, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पोलिसांच्या देखरेखीत झालेल्या परेडमध्ये साक्षीदार जे सांगतो तो पोलिसांपुढचा जबाबच होतो, म्हणून असे जबाब पुराव्यात वापरू न देणारं प्रक्रिया संहितेचं कलम १६२ त्याला आड येतं. पोलीस पूर्ण बाजूला होऊन पंचांवर सोडून देतील तर गोष्ट वेगळी. परेडच्या खोलीत कोण होतं हा प्रश्न उलटतपासणीत विचारलेला आहे का, ते शोधावं.

घरात झालेल्या खुनात पुराव्याच्या कायद्याचं कलम १०६ (नवं १०९) येतं. चार भिंतींत काय घडलं ते आरोपीलाच माहीत, म्हणून त्याने सांगावं. त्रिमुख किरकन विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा २००६ चा निकाल सरकारी वकील हमखास वाचतात, आणि तो बंधनकारकही आहे. त्याआधी १९५६ चा शंभुनाथ मेहरा निकाल वाचावा. आरोपी त्या वेळी घरात होता हे सरकार पक्षाने सिद्ध केल्यावरच त्याच्याकडे बोट वळतं. रात्रपाळीचा माणूस नेमका किती वाजता परतला हे कुणी सांगितलेलंच नसेल, तर १०६ ची पाळीच येत नाही.

भांडणात एकच वार झाला असेल, तर सगळा भर खुनाची व्याख्या करणाऱ्या कलम ३०० च्या तिसऱ्या भागावर आणि चौथ्या अपवादावर द्यावा. विरसा सिंग निकाल (१९५८) विचारतो, नेमकी हीच जखम करायचा हेतू होता का, आणि ती निसर्गक्रमाने मृत्यूला पुरेशी होती का? दुसऱ्या भागाचं उत्तर डॉक्टरकडून यावं लागतं. शवविच्छेदनाच्या अहवालात नुसतं मृत्यूचं कारण असतं, पुरेशी जखम होती असं डॉक्टर साक्षीत म्हणालेलेच नसतात. अपवादासाठी पूर्वनियोजन नसणं, अचानक भांडण, रागाचा भर, आणि गैरफायदा किंवा क्रूरता नसणं, चारही हवेत. घरातून हत्यार आणायला आरोपी गेला आणि परत आला, तर पहिलाच दुवा तुटतो. हा मुद्दा पटला तर ३०२ ची शिक्षा ३०४ वर येते. गुन्हा १ जुलै २०२४ च्या आधीचा असेल तर भारतीय दंड संहिताच लागू. त्यानंतरच्या गुन्ह्यांसाठी भारतीय न्याय संहितेची कलमं १०१, १०३ आणि १०५.

दोषारोपात ३४ लावलं आणि स्वतंत्र ३०२ नाही, किंवा उलट, या तक्रारीवर फार वेळ घालवू नये. सर्वोच्च न्यायालयाच्या स्लेनी निकालापासून प्रश्न एकच, बचावाचं नुकसान झालं का.

कागदपत्रांचं. शिक्षा झाली की निकालपत्राची प्रत आरोपीला तत्काळ आणि विनामूल्य मिळते, ती घेतल्याशिवाय घरच्यांनी कोर्टातून निघू नये. जन्मठेपेविरुद्ध हायकोर्टात अपिलाची मुदत ६० दिवस, फाशीविरुद्ध ३० दिवस. प्रत मिळायला लागलेले दिवस यातून वजा होतात. फाशी हायकोर्टाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही, आणि त्या सुनावणीत सगळा पुरावा खुला असतो. निकालानंतर कैद्याला आर्थर रोडवरून येरवडा, नाशिक किंवा कळंब्याला हलवलं जाऊ शकतं, म्हणून वकीलपत्रावर सही आधीच घ्यावी. वकील परवडत नसेल तर तुरुंग अधीक्षकांमार्फतही अपील जातं, आणि कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न पाहता हायकोर्टाच्या विधी सेवा समितीकडून वकील मिळतो. तो वकील मिळाल्यावर वरचा तक्ता घेऊन त्याला भेटावं. त्याच्याकडे पेपरबुक (खटल्याच्या कागदपत्रांचा एकत्र संच) यायला वेळ लागतो, घरच्यांकडे निकालपत्र पहिल्या दिवशी असतं.

अपिलाबरोबर शिक्षा स्थगितीचा अर्ज असतो, कलम ३८९, नवं ४३०. जन्मठेपेत सरकारी वकिलांना लेखी म्हणणं मांडायची संधी द्यावीच लागते, त्यामुळे तारखा पडतात. इथे सगळा पुरावा उलगडायला बसू नये. एकच ठळक चूक घ्यावी, शक्यतो ३१३ मधली किंवा हेतूबद्दलची, आणि तिचा परिणाम दोन परिच्छेदांत दाखवावा. अपील वर्षानुवर्षं ऐकलं जाण्याची चिन्हं नसतील तर १९७७ चा कश्मीरा सिंग निकाल जोडावा. पहिला अर्ज फेटाळला गेला तरी, मधली वर्षं तुरुंगात गेल्यावर आणि अपील तसंच पडून असल्यास, नव्या परिस्थितीवर पुन्हा अर्ज करता येतो.